दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरचं दुखणं: गोळ्यांच्या जोडीला काय काय करता येतं

टाके तीन किंवा चार, तेही अर्ध्या-एक सेंटीमीटरचे. म्हणून दुर्बिणीतून पित्ताशय काढून आलेल्या माणसाकडे घरचे जरा संशयानेच बघतात: एवढंसं तर कापलंय, मग कण्हायला काय झालं? कण्हायला बरंच काही असतं. उजवा खांदा ठणकत असतो, पोट तडस लागल्यासारखं गच्च असतं, बेंबीपाशी ओढ बसते आणि खोकला आला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मोठ्या छेदाच्या ऑपरेशनपेक्षा हे दुखणं कितीतरी कमी, हे खरंच. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात केली. त्याआधी बरगडीखाली वीतभर चीर आणि इस्पितळात लांबलेला मुक्काम, असाच हिशेब असायचा. पण कमी दुखतं म्हणजे दुखतच नाही असं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझा बराचसा दिवस सर्जरीच्या वॉर्डात जातो. तिथे सारखं दिसतं ते हे, की वेगवेगळी दुखणी ‘गॅस झालाय’ या एकाच नावाखाली जमा होतात आणि मग खांद्याला बाम, बेंबीला हिंग, पोटाला ओवा असा मारा सुरू होतो. यातले काही उपाय बरे आहेत, पण चुकीच्या दुखण्यावर लावलेले असतात. त्यामुळे कुठलाही उपाय करण्याआधी दुखतंय ते नेमकं कुठलं, हे ओळखायचं. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. डॉक्टरांनी वेळेवर घ्यायला सांगितलेल्या गोळ्या बंद करून हे उपाय करायचे नाहीत. ‘गोळ्या अंगाला बऱ्या नाहीत’ म्हणून पहिल्या दोन दिवसांत गोळी टाळणारा माणूस आखडून पडून राहतो, खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही आणि नव्या तक्रारी ओढवून घेतो. गोळी वेळेवर घ्या आणि चालणं, श्वासाचे व्यायाम वगैरे गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने करा. तेव्हा ते सगळ्यात सोपं जातं.

दुखणी कोणकोणती

दुर्बीण फिरायला आणि हत्यारं चालवायला जागा हवी, म्हणून ऑपरेशनच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो, काही सर्जन त्याहून कमीही ठेवतात. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते. काम झालं की हा वायू सोडून देतात, पण थोडा आत उरतोच. हा वायू आतड्यात नसतो, आतड्यांच्या बाहेर पोटाच्या पोकळीत असतो. तो ढेकरेतून किंवा खालून बाहेर पडत नाही. रक्तात शोषला जातो आणि फुप्फुसांवाटे उच्छ्वासातून जातो. बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत, काहींचा आठवड्याभरात.

हे लक्षात आलं की खांद्याचं कोडं सुटतं. उरलेला वायू वर चढून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, म्हणजे श्वासपटलाखाली साचतो. पडदा ऑपरेशनमध्ये ताणलेलाही असतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या त्वचेकडे जाणाऱ्या नसाही मानेतल्या त्याच भागातून निघतात. मेंदूचा घोटाळा होतो आणि पडद्याची तक्रार खांद्याच्या नावावर मांडली जाते. खांद्यात बिघाड काहीच नसतो.

दुसरं दुखणं जखमांचं. ते बोट ठेवून दाखवता येतं, हालचालीने वाढतं आणि बहुधा बेंबीपाशी सगळ्यात जास्त असतं, कारण मोठं छिद्र तिथे असतं आणि पित्ताशय बऱ्याचदा तिथूनच बाहेर काढतात. तिसरं आतलं, बोथट, नेमकं कुठे ते सांगता न येणारं. पित्ताशय जिथे चिकटलेलं होतं तिथलं हे दुखणं पहिल्या दिवशी जास्त आणि नंतर झपाट्याने कमी होतं. चौथं म्हणजे खराखुरा आतड्यातला वारा: कळा येतात, पोट गुडगुडतं, वारा सरला की बरं वाटतं. आतडी भुलेतून जागी होत असतात तेव्हाचं, म्हणजे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं.

बारीकसारीक आणखी असतंच. भूल देताना घातलेल्या नळीने घसा खवखवतो. तोंडाने घ्यायची परवानगी मिळाली की कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. टेबलावर एकाच स्थितीत राहिल्याने पाठ अवघडते. उशी बदला, कूस बदला. सलाईनची जागा सुजली, लाल झाली तर ती नर्सना दाखवायची.

ऑपरेशनच्या आधीची तयारी

तारीख ठरलेली असेल तर आठ दिवस आधीपासून तीन गोष्टींचा सराव करा: पोटाने श्वास घेणं, उशी धरून खोकणं आणि कुशीवरून उठणं. तिन्ही पुढे सविस्तर येतील. भुलेच्या गुंगीत, दुखत असताना नवीन काही शिकणं अवघड जातं. आधी चार वेळा करून पाहिलेलं शरीराच्या लक्षात राहतं.

विडी-सिगारेट सोडायला ऑपरेशनची तारीख हे उत्तम निमित्त. ओढणाऱ्यांना भुलेनंतर कफ जास्त होतो, खोकला जास्त येतो आणि प्रत्येक खोकल्याला टाके ओढतात. तंबाखू आणि मिश्रीबद्दलही डॉक्टरांशी खरं बोला. बायका मिश्रीचं सांगत नाहीत, तेही सांगा.

सर्जन आणि भूलतज्ज्ञांना दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. शेवटी वायू पूर्ण काढून घेणार ना? ऑपरेशन संपताना, पेशंट भुलेत असतानाच फुप्फुसं नीट फुगवून पोटातला वायू बाहेर ढकलण्याची एक पद्धत आहे आणि तिने नंतरचं खांद्याचं दुखणं कमी होतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. दुसरा प्रश्न, टाक्यांच्या जागी बधिर करण्याचं इंजेक्शन देणार का? बहुतेक ठिकाणी या गोष्टी न विचारताच होतात. तरी विचारा, म्हणजे उठल्यावर काय अपेक्षित आहे तेही बोलण्यात येतं. खांदा दुखणार हे आधी माहीत असलेला पेशंट रात्री दोन वाजता हार्ट अटॅकच्या भीतीने घामाघूम होत नाही.

बॅगेत एक छोटी, घट्ट उशी टाका. सोफ्यावरची चौकोनी चालते. इअरफोन ठेवा. आणि कपड्यांकडे लक्ष द्या. परकराची नाडी, सलवारीची नाडी, पँटचा पट्टा हे सगळं नेमकं बेंबीपाशी, नाहीतर बाजूच्या छिद्रावर येतं. बायकांनी आठवडाभर सैल गाऊन घालावा. साडीच नेसायची सवय असलेल्या आजींना हे पटत नाही, पण परकराची गाठ टाक्यावर रुतली की पटतं. पुरुषांनी इलॅस्टिकची ढिली पँट घ्यावी, बेंबीच्या बरीच खाली बसणारी.

पहिले काही तास

शुद्धीवर आल्यावर अजून गुंगी असते तेव्हाही दोन कामं सुरू करता येतात. पहिलं पावलांचं: दोन्ही पावलं अंगाकडे ओढायची, मग पुढे ताणायची, दहा-पंधरा वेळा, जागे असाल तेव्हा दर तासाला. दुखण्याशी याचा थेट संबंध नाही, पण पायात रक्त साकळू नये म्हणून हे हवंच.

दुसरं श्वासाचं. एक हात छातीवर, एक पोटावर, टाके सोडून. नाकाने सावकाश श्वास घ्या, पोटावरचा हात वर यायला हवा. दोन-तीन सेकंद थांबा, मग ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून त्याहून सावकाश सोडा. असे पाच ते दहा श्वास दर तासाला. इस्पितळात श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन छोट्या चेंडूंसारख्या गोळ्या असलेलं प्लॅस्टिकचं यंत्र देतात, त्यात तोंडाने *ओढायचं* असतं. कितीतरी जण फुंकत बसतात. गोळ्या झटक्यात वर उडवण्यापेक्षा एक-दोन गोळ्या जास्त वेळ वर टिकवणं महत्त्वाचं. या श्वासांनी फुप्फुसांचा खालचा भाग उघडा राहतो, आणि उरलेला वायू तर फुप्फुसांवाटेच जायचा आहे.

पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उचललेली, गुडघ्यांखाली उशी: असं झोपलं की पोटाचे स्नायू सैल पडतात आणि जखमांवरचा ताण कमी होतो. खांदा फार दुखत असेल तर मात्र वेगळं करायचं, ते पुढे.

मळमळ असेल तर मनगटाचा एक बिंदू दाबून बघा. तळहात वर करा, मनगटाच्या घडीपासून आपलीच तीन बोटं कोपराकडे मोजा. तिथे मध्यभागी स्नायूंचे दोन दोर (कंडरा) हाताला लागतात, त्यांच्या मधोमध. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं घट्ट दाबायचं, मग दुसरा हात. भुलेनंतरच्या मळमळीवर याचा उपयोग बऱ्याच चाचण्यांत दिसला आहे. उलटीच्या उबळीइतकं पोट दुसरं काहीच ओढत नाही, म्हणून दुखण्याच्या लेखात याला जागा. तरी मळमळ थांबली नाही तर नर्सना सांगून इंजेक्शन घ्या, सोसत बसू नका.

पहिल्यांदा उठणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरची सगळ्यात वाईट कळ बहुधा याच क्षणी येते, आणि ती बरीचशी टाळता येते.

परवाच्याच एका काकू. पित्ताशयाचं ऑपरेशन सकाळी झालेलं, संध्याकाळी मी उठवायला गेले. त्यांनी नेहमीच्या सवयीने मान उचलली, मुलाने पुढून दोन्ही हात धरून ओढलं, आणि काकू अर्ध्यातच किंचाळून परत पडल्या. “नको गं बाई, उद्या बघू.” उताणं असताना मान उचलली की पोटाचे सगळे स्नायू एकदम आवळतात, म्हणजे टाके सरळ दोन्हीकडून ओढले जातात. मुलाचा हेतू चांगला होता, पण त्याने ओढलं ते जखमेलाच.

मुलाला बाजूला केलं आणि असं केलं. आधी गुडघे एकेक करून वाकवायचे, पाय गादीवर टेकलेले. उशी पोटाला धरायची. खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी एका कुशीला वळवायचे, कमरेत पीळ द्यायचा नाही. कुशीवर आल्यावर पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे. पाय खाली जातात त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून धड वर ढकलायचं. श्वास रोखायचा नाही, ढकलताना तोंडाने सोडायचा. उचलण्याचं काम हातांनी आणि पायांच्या वजनाने होतं, पोट नुसतं बरोबर येतं. मदत करणाऱ्याने खांद्यामागे एक हात ठेवावा, दंड धरून ओढू नये. “अगो, हे तर जमलं,” काकू कडेवर बसून म्हणाल्या.

बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही. दोन-तीन मिनिटं पाय हलवा, चक्कर येत नाही ना बघा. उभं राहिल्यावर कंबरेत वाकून चालण्याचा मोह होतो, कारण टाके ओढतात. वाकून चाललं की संध्याकाळपर्यंत पाठ धरते. हळूहळू सरळ व्हा, उशी पोटाशी धरून चाला, नजर समोर.

पहिल्या दिवशी दारापर्यंत, बाथरूमपर्यंत, मग वॉर्डातून एक चक्कर. घरी गेल्यावर दर दोन तासांनी पाच-दहा मिनिटं. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात ऑपरेशननंतर लवकर उठवणं, लवकर खायला देणं आणि वेदना एकाच औषधावर न सोपवता अनेक बाजूंनी कमी करणं ही पद्धत मांडली. आज बहुतेक सर्जन त्याच वाटेने जातात. आपल्याकडे मात्र घरच्यांची माया आडवी येते: “पडून राहा, आम्ही सगळं हातात देतो.” पहिला दिवस गेला की पाण्याचा तांब्या मुद्दाम चार पावलं लांब ठेवा.

झोपतानाही हेच उलट क्रमाने. कडेवर बसा, कोपरावर टेका, पाय वर घ्या, मग उताणे व्हा.

खांद्याचं काय करायचं

हे दुखणं बसल्यावर, उभं राहिल्यावर वाढतं, कारण वायू वर चढून पडद्याला लागतो. म्हणून खांदा ठणकायला लागला की अर्धा तास सपाट आडवं व्हा, डोक्याखाली पातळ उशी. पुष्कळांना यानेच उतार पडतो. डाव्या कुशीवर गुडघे पोटाकडे घेऊनही काहींना बरं वाटतं. पण दिवसभर सपाट पडून राहायचं नाही. थोडं चालणं, थोडं आडवं होणं असं आलटून पालटून.

खांद्यावर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायला हरकत नाही. मूळ पडद्यापाशी आहे, तरी शेकाने मानेचे-खांद्याचे आवळलेले स्नायू सैल पडतात आणि ठणका बोथट होतो. बाम चोळला तरी चालेल, बोटं टाक्यांपर्यंत जाऊ देऊ नका. हात झटकणं, खांदा गरगर फिरवणं याचा उपयोग नाही. दोन्ही खांदे कानांकडे उचलून सावकाश सोडायचे, एवढं पुरे.

आणि ओवा? ओव्याचं, हिंगाचं, जिऱ्याचं पाणी आतड्यातल्या वाऱ्यासाठी असतं. खांदा दुखवणारा वायू आतड्यात नाहीच, त्यामुळे तिथवर त्याचा काही उपयोग पोचत नाही. प्यायल्याने बिघडणार नाही, पण खांदा थांबला नाही म्हणून दिवसातून पाच वेळा पीत बसू नका.

जखमा, खोकला आणि हसू

खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं की उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबा, गुडघे वाकवा, किंचित पुढे झुका आणि मग खोका. उशी जखमेला बाहेरून आधार देते आणि टाक्यावरचा धक्का कमी होतो. कफ असेल तर तो काढायलाच हवा, दाबून ठेवायचा नाही. एक मोठा खोकला काढण्यापेक्षा तोंड उघडं ठेवून ‘हा… हा…’ असा दोन-तीनदा जोराने श्वास सोडला, तरी कफ वर येतो आणि पोट कमी ओढतं.

हसण्याचंही तेच. भेटायला येणारी मंडळी शहाळी घेऊन येतात आणि पेशंटला खुलवायच्या नादात असे किस्से सांगतात की तो बिचारा उशी शोधत राहतो. उशी हाताशीच ठेवा.

जखमेच्या भोवती थंड शेक चांगला. बर्फाची पिशवी किंवा गोठवलेल्या मटारचं पाकीट कोरड्या पंच्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, मधे किमान तासभर अंतर. पट्टी ओली होऊ द्यायची नाही. सूज आणि ठणका दोन्ही कमी होतात. पोटावर गरम शेक मात्र पहिल्या दिवसांत नको. टाक्यांभोवतीची कातडी कधी बधिर असते, चटका बसलेला कळत नाही, आणि मधुमेह असेल तर जास्तच धोका. पाठ अवघडली असेल तर तिथे गरम शेक चालेल.

आता बेंबी. पोट फुगलं की बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायचा, हे आपल्याकडे तान्ह्या बाळापासून चालत आलेलं. या ऑपरेशननंतर बेंबी ही जखम आहे. तिथे हिंग नाही, एरंडेल नाही, हळद नाही, बाम नाही. डॉक्टरांनी जी पट्टी लावलीय ती आणि आंघोळ कधी करायची याबद्दल जे सांगितलंय तेवढंच.

पोटातला वारा आणि शौच

आतडी जागी करायचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे चालणं. त्याच्या जोडीला डाव्या कुशीवर गुडघे वाकवून पडणं. च्युइंगगम हा ऐकायला विचित्र पण अभ्यासलेला उपाय आहे: चघळल्याने आतड्यांना जेवण येतंय असा निरोप जातो आणि ती हलायला लागतात. बरेचसे अभ्यास सिझेरियन आणि आतड्याच्या ऑपरेशननंतरचे आहेत, त्यामुळे पित्ताशयाच्या पेशंटने चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. तोंडाने घेण्याची परवानगी मिळाल्यावर, मळमळ नसेल तर दिवसातून तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं. फार चघळलं तर हवा गिळली जाते आणि पोट उलट फुगतं.

खाणं थोडं थोडं, चार-पाच वेळा. पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, पातळ ताक, उकडलेला दुधी. पित्ताशय काढलेल्यांनी पहिले काही दिवस तळण, साजूक तुपाची धार, मटणाचा तवंग बाजूला ठेवावा; काहींना सुरुवातीला तेलकटाने जुलाबही होतात. सोडा, कोल्ड्रिंक नकोच. ढेकर आली म्हणजे गॅस गेला असं वाटतं, पण तो गॅस त्याच बाटलीतला असतो. पावटे, राजमा, कोबी आठवड्याने.

बद्धकोष्ठ होतंच. भूल, कमी खाणं, पडून राहणं आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, सगळी त्याच दिशेने ढकलतात. कुंथलं की टाके ओढतात. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, दिवसभरात पुरेसं पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका. इसबगोल डॉक्टरांना विचारून, आणि भरपूर पाण्याबरोबर. कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट ठेवा, गुडघे कमरेपेक्षा वर येतील. पोटावर उशी धरा, तोंड उघडं ठेवून श्वास सोडत राहा. घरी भारतीय पद्धतीचाच संडास असेल तर खाली बसण्यापेक्षा उठणं अवघड जातं, म्हणून भिंतीला धरायला कडी किंवा शेजारी भक्कम स्टूल हवं. काही दिवस कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, तीही सोय बघा.

रात्र

दिवसा सोसलेलं रात्री मोठं होतं. भेटणारे गेलेले असतात, दिवा मालवलेला असतो, लक्ष सगळं पोटाकडे. पाठीवर, गुडघ्यांखाली उशी हीच सुरुवात. कुशीवर झोपायचं असेल तर एक उशी पोटाला आणि एक गुडघ्यांच्या मधे, म्हणजे पोट खाली लोंबत नाही. पालथं झोपणं काही आठवडे विसरा.

गाणी लावा. हा नुसता विरंगुळा नाही. २०१५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ७३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. ऑपरेशनच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकलेल्यांचं दुखणं आणि धास्ती कमी होती, वेदनाशामकंही कमी लागली. कुठलं संगीत? तुम्हाला आवडतं ते. भीमसेन असोत की लावणी, आवाज हळू ठेवा.

श्वासाने मन शांत करायचं असेल तर चार अंक मोजत घ्या आणि सहा अंक मोजत सोडा, दहा मिनिटं. योगनिद्रा येत असेल तर उत्तम. योगासनं करणाऱ्यांसाठी खास सूचना: अनुलोम-विलोम श्वास न रोखता आणि भ्रामरी दोन-तीन दिवसांत चालतं, कपालभाती आणि भस्त्रिका बिलकूल नाही, प्रत्येक झटका टाक्यावर बसतो. सूर्यनमस्कार सर्जनच्या परवानगीनंतरच.

पट्टा आणि टेन्स

पोटाला पट्टा बांधावा का, हा प्रश्न सगळेच विचारतात, कारण बाळंतिणीचं पोट बांधायची आपली रीत. चालताना, खोकताना पट्ट्याने काहींना हायसं वाटतं. सर्जन हो म्हणाले तर उभं असताना बांधा, आडवं होताना सोडा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. खोल श्वास घेता येत नसेल तर तो फार घट्ट आहे. दुर्बिणीच्या साध्या ऑपरेशनला पट्टा लागतोच असं मला वाटत नाही, उशी पुरते.

टेन्सचं यंत्र त्वचेवरून हलक्या विजेच्या मुंग्या देतं. त्याच्या चकत्या जखमेच्या दोन्ही बाजूंना, टाक्यांपासून थोड्या लांब लावतात. दुखणं थोडं कमी होतं. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडूनच लावून घ्या. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ते स्वतःहून वापरू नये.

ऑपरेशन दुसरं असेल तर थोडे फरक. हर्नियात खोकताना उशी किंवा हात जांघेवर दाबायचा, आणि पुरुषांना काही दिवस आधाराची चड्डी घातली की ओढ कमी जाणवते. अपेंडिक्स फुटलेलं असेल तर आतडी उशिरा जागी होतात, खाण्याची घाई करायची नाही. दुर्बिणीतून गर्भाशय काढलं असेल तर बाहेरचे टाके छोटे दिसले तरी आतले टाके मोठे असतात. वजन उचलणं आणि उकिडवं बसणं यावरची बंधनं तिथे बरीच जास्त दिवस, सहसा सहा आठवडे.

घरी आल्यावर

गाडीने येताना सीटबेल्ट आणि पोट यांच्या मधे उशी ठेवा. रिक्षाने येणार असाल तर आधीच सांगा, खड्डे सावकाश घे म्हणून. जिने चढायला हरकत नाही, एकेक पायरी, कठड्याला धरून. स्वतः दुचाकी चालवणं किमान आठवडाभर नाही, आणि अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत असेल तर त्यानंतरही नाही.

वजनाचा अंदाज आपला चुकतो. साधारण चार-पाच किलोच्या वर पहिले दोन आठवडे तरी काही उचलू नये, असं बहुतेक सर्जन सांगतात. भरलेली बादली १५ ते २० किलोची असते. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसकट तो तीस किलोच्या आसपास भरतो. दोन वर्षांचं नातवंड दहा-बारा किलोचं. नातवंडाला कडेवर घ्यायचं नाही, तुम्ही बसा आणि त्याला शेजारी बसू द्या.

दिवसातून दोनदा दुखणं शून्य ते दहात मोजून कुठेतरी लिहून ठेवा, आणि शेजारी कुठलं दुखणं तेही. आकडा शून्यावर आणायची घाई नाही. खोल श्वास घेता येतोय, खोकता येतंय, चालता येतंय, झोप लागतेय, एवढा तो खाली हवा. रोज थोडा उतरत असेल तर ठीक चाललंय.

डॉक्टरांना फोन कधी करायचा

आकडा उतरायच्या ऐवजी चढायला लागला तर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारं पोटाचं दुखणं घरी शेकत बसायचं नसतं. ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर, थंडी वाजणं, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, पोट फुगत जाणं आणि वाराही न सरणं, सारख्या उलट्या, लघवी न होणं, जखमेतून पू किंवा वाढती लाली: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन.

खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, दम लागणं, घाम फुटणं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं असेल, तर ते वायूचं आहे असं घरी ठरवू नका. एका पोटरीला सूज आणि दुखरेपणा, किंवा अचानक धाप, हेही तातडीचं. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८.

फोनवर ‘खूप दुखतंय’ एवढंच सांगितलं तर पलीकडच्या माणसाला काही कळत नाही. ऑपरेशन कुठलं आणि कधी झालं, दुखणं नेमकं कुठे, कधीपासून वाढलं, ताप किती, शेवटची गोळी कुठली आणि किती वाजता घेतली, वारा सरला का, लघवी झाली का, हे लिहिलेला कागद समोर ठेवा आणि मग नंबर लावा.